युरोपावरची सावली, द्वारकाबाईची मोजणी

आप्पासाहेब निकमांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. धरणाच्या भिंतीवर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी रंगवलेली असते. ती रोज वाचायची आणि रजिस्टरात उतरवायची, एवढंच त्यांचं काम. एवढंच म्हणायला सोपं आहे हो! दुष्काळाच्या वर्षी त्या एका आकड्यावर दहा गावांचा जीव टांगलेला असतो. कुणाला पाणी जास्त असावं असं वाटायचं, कुणाला कमी. आप्पासाहेब भिंतीवरून खाली वाकायचे, दिसलं तेवढंच लिहायचे आणि सायकलवर टांग टाकून घरी यायचे.

आणि अशा माणसाचा कागद २०१५ च्या फेब्रुवारीत परत आला. चुकीचा म्हणून.

कागद होता गुरूच्या चंद्रांचा. आता तुम्ही म्हणाल, धरणावरचा माणूस गुरूवर कसा पोचला? त्याचं असं झालं. रिटायर झाल्यावर निकमांनी वैजापूरकडचं गाव सोडून औरंगाबादला, सातारा परिसरात घर बांधलं. शहर तेव्हा पिसाळल्यासारखं वाढत होतं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज प्लॉट, परवा रो-हाउस. घरं आली, दुकानं आली, पार मोबाइलचे टॉवर आले. नळाचं पाणी तेवढं आलं नाही. निकमांनी बोअर घेतलं. तीनशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला, आणि अंगणात केसिंगचा एक जाडजूड पाइप तेवढा उरला. वर्षभर तो तसाच पडून होता. मग एका रविवारी आप्पासाहेब एका कॉलेजात दुर्बीण बनवायच्या शिबिराला गेले. तिथं मनस्विनी मॅडम शिकवायच्या, फिजिक्सच्या. सहा रविवार काचेवर काच घासून आप्पासाहेबांनी सहा इंची आरसा तयार केला आणि त्या पाइपात बसवला. गल्लीतली माणसं म्हणायची, "आप्पा, बोअरला खाली पाणी लागलं नाय म्हणून वर शोधताय व्हय?" आप्पासाहेबही हसायचे. म्हणायचे, "लागलं तर पहिला हंडा तुमचा."

तर त्या साली गुरूच्या चंद्रांचा हंगाम होता. मनस्विनीनं समजावून सांगितलं होतं ते असं: गुरूचे चार मोठे चंद्र, आयो, युरोपा, गॅनिमिड आणि कॅलिस्टो, सगळे एकाच पातळीत फिरतात. दर सहा वर्षांनी ती पातळी आपल्याला आणि सूर्याला बरोबर कडेवर दिसते, आणि मग हे चंद्र एकमेकांच्या आड जातात, एकमेकांवर सावली टाकतात. एका चंद्राची सावली दुसऱ्यावर पडली की तो पाच-दहा मिनिटं मंदावतो आणि पुन्हा उजळतो. तो नेमका कोणत्या सेकंदाला सगळ्यात मंद झाला ते जगभरची हौशी माणसं टिपतात आणि पॅरिसच्या वेधशाळेला पाठवतात. तिथं त्यावरून चंद्रांच्या वाटा पक्क्या करतात.

"म्हणजे पट्टीच वाचायची की," आप्पासाहेब म्हणाले.

त्यांना ते लगेच उमजलं होतं. त्यांनी स्वतःची पट्टीही तयार केली. चंद्र पूर्ण उजळ म्हणजे दहा, भरलेलं धरण. अजिबात दिसेनासा झाला म्हणजे शून्य, कोरडं ठाक. शेजारच्या चंद्रांशी ताडून बघायचं आणि आकडा म्हणायचा. मनस्विनीनं त्यांची परीक्षा घेतली तर तिच्या कॅमेऱ्यात आणि आप्पांच्या डोळ्यात अर्ध्या आकड्याचाही फरक नाही. पोरगी थक्क झाली.

आणि तरीही फेब्रुवारीतला कागद परत आला. मनस्विनी स्वतः घेऊन आली, बिचारी ओशाळली होती. "आप्पा, उजेडाचे आकडे एकदम सुरेख आहेत," ती म्हणाली. "पण वेळा बघा ना. साडेआठ, आठ पस्तीस, आठ चाळीस. सावली काय पाच-पाच मिनिटांनी थांबत थांबत गेली?"

आप्पासाहेबांनी कागद हातात घेतला आणि एकेक वेळ बोट ठेवून वाचली. चूक डोळ्याची नव्हती, सवयीची होती. धरणावर आठची नोंद म्हणजे आठची नोंद. सायकल पंक्चर झाली आणि पट्टीपाशी पोचायला आठ वाजून सात मिनिटं झाली, तरी लिहायचं 'आठ'. त्यात लबाडी काहीच नव्हती. एवढं मोठं पाणी सात मिनिटांत हलून हलून किती हलणार? पण हे पाणी नव्हतं. हा उजेड होता, सेकंदासेकंदाला उतरणारा. आप्पासाहेब दुर्बिणीतून बघत होते, मग मान वळवून घड्याळ बघत होते आणि हात आपला चौतीस वर्षांच्या वळणानं जवळचा गोल आकडा लिहीत होता.

"माझ्या हातनं खोटं लिहिलं गेलं," रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले.

"सवयीनं लिहिलं, लबाडीनं नाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"कागदाला काय कळतंय, सवय का लबाडी?"

पंधरा दिवस ते गच्चीवर चढले नाहीत. ताटात भाकरी तशीच राहायची. वाईट वाटणं वेगळं आणि आतून खचणं वेगळं. आप्पासाहेब खचले होते. त्यातच उजव्या डोळ्याच्या पडद्याचं दुखणं निघालं. डावा आधीच अधू होता. डॉक्टर म्हणाले, मधला भाग विरत चाललाय, वर्ष-दीड वर्ष बरं दिसेल, पुढचं सांगता येत नाही. आणि चंद्रांचा पुढचा हंगाम सहा वर्षांनी. हिशोब शाळकरी पोरालाही जमला असता. शहरातून अंधारात आणि गुरू चांगला वर असताना दिसेल असं या हंगामातलं एकच ग्रहण उरलं होतं, एप्रिलमध्ये, रात्री नऊच्या सुमाराला, आयोची सावली युरोपावर. ते साधलं तर साधलं. नाहीतर आप्पासाहेब निकमांचा आकाशातला एकुलता एक आकडा चुकीचाच राहणार होता.

मनस्विनीनंच उपाय सांगितला. ती त्या दिवशी कॉलेजच्या गच्चीवर कॅमेरा लावून बसणार होती, तिला येता येणार नव्हतं. "आप्पा, डोळा काचेवरून काढायचाच नाही. सेकंद कुणीतरी मोठ्यानं मोजायचे. तुम्ही फक्त ऐकायचं आणि लिहायचं."

"मोजणार कोण?" असं विचारायचीही गरज नव्हती. सगळ्या गल्लीला माहीत होतं.

त्या गल्लीत बावीस घरं आणि आठवड्याला एक टँकर. पहिल्या उन्हाळ्यात टँकरवर काय भांडणं झाली, विचारू नका! एका घराला साठ आकडे नळी, असं ठरलं होतं. पण मोजणारी बाई आपल्या माणसाला 'सत्तावन्न... अठ्ठावन्न...' असं रेंगाळत मोजायची आणि नावडतीला भराभर गुंडाळायची. एकदा तर कळशीनं डोकं फुटलं. शेवटी द्वारकाबाईंना पुढं केलं. त्या मोजायला लागल्या आणि भांडणं बंद. सख्ख्या नणंदेलाही एक आकडा वर नाही आणि उभा दावा असलेल्या घरालाही एक आकडा कमी नाही. त्या मोजताना मध्ये बोलत नसत, हसत नसत, कुणी हाक मारली तर बघत नसत.

"मला काय, हंडा असो नायतर चंद्र असो," द्वारकाबाई म्हणाल्या. "साठ म्हंजे साठ."

आठ दिवस दोघांनी तालीम केली. आप्पासाहेब डोळे मिटून खाटेवर बसायचे, हातात पाटी-कागद. द्वारकाबाई मोजायच्या. आप्पासाहेब न बघता कागदावर आकडा आणि सेकंद लिहायचे. पुराच्या रात्री कंदील विझला तरी लिहायची सवय होतीच. प्रत्येक साठाला कागदावर एक आडवी रेघ.

तो दिवस उजाडला. सकाळपासून आप्पासाहेबांना ना चहा गोड लागला ना बिडी. दुपारी धूळ उठली तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. संध्याकाळी वारा पडला, आभाळ निवळलं, आणि साडेआठला गुरू डोक्यावर असा लख्ख उभा होता की द्वारकाबाईसुद्धा म्हणाल्या, "आज देव प्रसन्न हाये." भिंतीवरचं घड्याळ काढून त्यांनी मांडीवर घेतलं होतं. सेल काढून सेकंदकाटा बारावर थांबवून ठेवला होता. बॅटरीच्या तोंडाला लाल फडकं बांधलं होतं. शेजारी रेडिओ, नऊच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांसाठी.

ठोके पडले. शेवटच्या लांब ठोक्याला द्वारकाबाईंनी अंगठ्यानं सेल दाबला आणि काटा हलला. त्यांनी रेडिओ बंद केला.

"एक, दोन, तीन, चार..."

आप्पासाहेबांचा डोळा काचेला लागला तो लागलाच. गुरूची ती चपटी पिवळी थाळी, तिच्यावरचे दोन पट्टे, आणि बाजूला टिपक्यांसारखे चंद्र. युरोपा दहा. अजून दहा. एक मिनिट गेलं, रेघ. दुसरं गेलं, रेघ. मागून आवाज येत होता, एकसारखा, न दमणारा. तिसरंही गेलं, रेघ.

आणि गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

तो हॉर्न ओळखायला पंचांग लागत नाही. कडुबाचा टँकर! उद्या सकाळी यायचा तो आज रात्रीच आला होता. खाली दारं उघडल्याचे, हंडे आपटल्याचे, पोरांना उठवल्याचे आवाज सुरू झाले. "अगं उठा, पाणी आलं! पाणी!" कडुबा ओरडत होता, "दुसऱ्या वस्तीवर जायचंय अजून, अर्ध्या तासात आटपा, नायतर मी चाललो!" आणि मग सगळ्यांच्या वर भागूबाईचा आवाज. भागूबाई म्हणजे सहाव्या घरातली, तिचा आवाज डोंगरावरच्या खंडोबाला ऐकू जातो. "द्वारकाबाईऽऽ! ओ द्वारकाबाई! कुठं हाय तुम्ही? या लवकर!"

आप्पासाहेबांचा डोळा काचेवरच होता, पण काळजाचं पाणी झालं. घरातल्या ड्रमच्या तळाला चार बोटं पाणी होतं, तेही गढूळ. आज टँकर चुकला तर आठ दिवस नाही. आणि द्वारकाबाई गेल्या नाहीत तर खाली पुन्हा डोकी फुटतील, ते वेगळंच. बावीस घरांची तहान एका बाजूला आणि एका म्हाताऱ्याचा हट्ट दुसऱ्या बाजूला. हे तोलायला तराजू तरी कशाला लागतो?

 ते म्हणाले, "द्वारका, जा तू. पाणी बघ."

उत्तर आलं नाही. कसं येणार? बाई मोजत होती. मोजताना ती बोलत नसे. पण मागे पाटावरून उठल्याची हालचाल झाली, बांगड्या वाजल्या, आणि आप्पासाहेबांनी मनात म्हटलं, संपलं. आता आवाज जिन्याकडे जाणार.

आवाज जिन्याकडे गेला नाही. कठड्याकडे गेला. आणि तिथून असा काही फुटला की आप्पासाहेबांच्या हातातली पेन्सिल हलली.

"एकेचाळीऽस! बेचाळीऽस! त्रेचाळीऽस!"

खाली बायका माना वर करून बघायला लागल्या. काय चाललंय कुणाला कळेना. कुणी म्हणालं, "म्हातारीला काय झालं?" आकडे चालूच. पन्नास. एक्कावन्न. आणि मग भागूबाईच्या डोक्यात उजेड पडला.

"अगं बायांनो, ती वरनं मोजतीय! साठाला नळी लावा! पयल्या घराचं कोण हाय? व्हा पुढं!"

"एकोणसाऽठ! साऽठ! एक! दोन!"

खाली रिकाम्या ड्रमात पाणी आदळल्याचा आवाज झाला. आप्पासाहेबांनी असला गोड आवाज जन्मात ऐकला नव्हता, आणि त्यांनी तर धरणाचे दरवाजे उघडताना ऐकले होते.

तेवढ्यात गच्चीवर पांढरा झोत फिरला. कडुबा टँकर मागं घेत होता. काचेत सगळं भगभगीत झालं. "दिवे! दिवे मालव!" आप्पासाहेब किंचाळले. खालून भागूबाईनं री ओढली, "कडुबा, मुडद्या, दिवे बंद कर! मोजणी थांबली तर तुझं टायर ठेवणार नाय!" झोत विझला. वर अंधार, खाली अंधार, आणि मधोमध तो एक आवाज. त्या आवाजावर खाली नळ्या बदलत होत्या आणि वर, कोट्यवधी कोस लांब, युरोपावर सावली चढत होती.

साडेनऊ. नऊ. आप्पासाहेब आकडा मोठ्यानं म्हणत लिहीत होते. खाली काय चाललंय ते त्यांना आता कानांनीच दिसत होतं. साठाला हंड्यांची आदळआपट, दुसऱ्या घराची नळी. साठाला पुन्हा आदळआपट, तिसरं घर. आठ. 'वीऽस' ऐकू आलं तेव्हा बरोबर सात, लिहिलं. युरोपा असा उतरत होता की जणू कुणी तळाचं दार उघडलंय. चौथं घर, एकतिसाला पाच. पाचवं घर, पुंडलिकाचं. साडेतीन. तीन. शेजारचे चंद्र होते तसे लखलखत होते आणि हा एकटा विझत चालला होता. "साऽठ!" आणि खालून भागूबाई, "माझी पाळी, सरका!" तीन. तीनच. अजून तीन. मग आप्पासाहेब आकडा म्हणायचेही थांबले, नुसते बघत राहिले.

साडेतीन!

चढला! सातव्या घराला पंचावन्न झाले आणि पाच. आठवं घर. नववं घर निकमांचं स्वतःचं; तिथं नळी धरायला कोण होतं देव जाणे, पण ड्रमात पाणी पडत होतं. दोन म्हणताच बरोबर सात. मग आठ, नऊ, साडेनऊ. दहा. भरलं धरण! आप्पासाहेबांनी डोळा काढला. गालावरून पाणी वाहत होतं. डोळा ताणल्यामुळं म्हणा, नाहीतर कशामुळंही म्हणा.

"द्वारका," ते वळून म्हणाले, "साधलं गं!"

द्वारकाबाईंनी मागं न बघता हात वर करून त्यांना गप केलं. तेरा घरं अजून बाकी होती. घड्याळ छातीशी धरून, कठड्याला पोट टेकवून ती बाई मोजत होती. बाविसावं घर संपेपर्यंत मोजत राहिली. मग तिथंच खाली बसली आणि खुणेनं पाणी मागितलं. घरचे दोन्ही ड्रम काठोकाठ भरले होते. भागूबाईनं भरले होते.

रात्री आप्पासाहेबांनी हिशोब केला. उतरताना सात कधी, चढताना सात कधी, त्याच्या मधोमध तळ. पाचाचंही तसंच. एकातून आलं नऊ वाजून नऊ मिनिटं अकरा सेकंद, दुसऱ्यातून तेरा. त्यांनी बारा लिहिलं आणि पहिल्यांदाच गोल आकडा नसलेली वेळ लिहून खाली सही केली.

सकाळी साडेसातला मनस्विनी स्कूटीवरून आली, लॅपटॉप घेऊन. तिच्या कॅमेऱ्यालाही ग्रहण सापडलं होतं. आप्पासाहेबांचा नियम साधा: दोघांनी आपापला आकडा कागदावर उलटा ठेवायचा आणि एकदम उलटायचा.

उलटले.

आप्पासाहेबांचा: नऊ, नऊ, बारा. मनस्विनीचा: नऊ, आठ, त्रेचाळीस.

एकोणतीस सेकंदांचा फरक.  मनस्विनीनं मान खाली घातली. आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच होते. 

"यंत्रापुढं माणसाचं काय," ते हळूच म्हणाले. "माझंच चुकलं असंल, मॅडम. राहू द्या."

"का म्हणून राहू द्या?" द्वारकाबाई चहा घेऊन आल्या होत्या. आवाज बसला होता, नुसती हवा निघत होती, पण त्या हवेलाही धार होती. "मॅडम, तुमची वेळ म्हंजे पुंडलिकाची पाळी. तळ काय पुंडलिकाच्या पाळीत लागला नाय. भागूबाईची नळी लागून बारा आकडे झाले तवा लागला. बोलवू का भागूबाईला?"

बोलवायची गरज पडली नाही. भागूबाई दारातच होती. "माझा ड्रम नुकता वाजाय लागला होता," तिनं साक्ष दिली, "आन् वरनं आप्पा एकदम गप. मी म्हटलं, गेला का काय म्हातारा!"

मनस्विनीला हसू आलं, तरी ती म्हणाली, "काकू, मोजणीत थोडंफार होतंच हो. चौदा मिनिटं सलग मोजायचं म्हणजे..."

"माझं घड्याळ रेडिओच्या ठोक्यावर लावलेलं होतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमचं यंत्र कुणाच्या ठोक्यावर लावलं होतं?"

"ते इंटरनेटवरून आपोआप..." मनस्विनी म्हणाली आणि थांबली. तिचा हात हवेतच राहिला. "कॉलेजचं इंटरनेट... दहा-बारा दिवस बंदच आहे."

 भिंतीवरच्या घड्याळात आठला चार मिनिटं कमी होती. आप्पासाहेबांनी उठून रेडिओ लावला. मनस्विनीनं लॅपटॉप उघडून त्याचं सेकंदाचं घड्याळ मोठं केलं. चौघं त्याभोवती बसली. जाहिरात लागली, मग गाणं लागलं, ते संपता संपेना. भागूबाई पुटपुटली, "आटप की बाई." मग ठोके पडायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि लांब सहावा.

लॅपटॉपवर होते सात, एकोणसाठ, तेहतीस.

"सत्तावीस सेकंद मागे," मनस्विनी म्हणाली. तिनं कागद ओढला, बेरीज केली, पुन्हा केली. मग तो कागद तिनं आप्पासाहेबांच्या पुढ्यात दोन्ही हातांनी ठेवला. नऊ, नऊ, दहा. "आप्पा, दोन सेकंद. तुमच्या डोळ्यात आणि माझ्या कॅमेऱ्यात फक्त दोन सेकंद! चूक माझी होती. आणि तुमचा कागद परत आणणारीही मीच."

"तवा तुमचं बरोबर होतं," आप्पासाहेब म्हणाले. "चुकीचा होता, म्हणून परत आला. हा बरोबर हाये, हा जाऊ द्या."

एवढं बोलले आणि मग त्यांचा बांध फुटला. खांद्यावरचा पंचा तोंडाला लावून ते रडले, मोठ्यानं, लहान पोरासारखे. आणि भागूबाई गल्लीभर सांगत सुटली की निकमांचं पास झालं.

महिन्याभरानं पॅरिसहून उत्तर आलं. मनस्विनी ते छापून घेऊन आली तेव्हा गल्लीत टँकर उभा होता आणि द्वारकाबाई नळीपाशी मोजत होत्या. पंधरावं घर चाललं होतं. मनस्विनीनं रांगेसमोरच वाचून दाखवलं: नोंद स्वीकारली आहे, कामाची आहे, निरीक्षकांच्या यादीत नावं घातली आहेत. आप्पासाहेब निकम आणि द्वारकाबाई निकम. बायकांनी असा गलका केला की कडुबानं घाबरून हॉर्न वाजवला. पुंडलिकानं आप्पासाहेबांना खांद्यावर घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं.

"पण मी म्हणते," भागूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ते दोन सेकंद कुणी खाल्ले?"

सगळे हसले. आप्पासाहेब हसले नाहीत. ते रांगेपुढं आले आणि चौतीस वर्षं रजिस्टरात लिहीत होते तितक्याच सरळपणे म्हणाले, "ते माझे. डोळा म्हातारा हाय माझा, तो दोन सेकंद मागं राहिला. द्वारकाची मोजणी चुकलेली नाय. तिची चुकली असती तर हा आकडा घेऊन मी इथं उभा राहिलो नसतो."

"छत्तीस," द्वारकाबाई म्हणत होत्या, "सदतीस..."

आणि थांबल्या. चार उन्हाळ्यांत पहिल्यांदा. नळी चालू होती, पाणी पडत होतं, आणि त्या नुसत्या नवऱ्याकडं बघत होत्या. ओठ हलत होते पण आकडा निघेना. रांगेतल्या एकाही बाईनं कुरकुर केली नाही.

"अडतीस," आप्पासाहेबांनी मोजायला सुरुवात केली. "एकोणचाळीस. चाळीस."